वेबरसाहेब, मागचं पुरे झालं, आता पुढचं सांगा

श्री. डेव्हिड वेबर आणि बेन बुक्सचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

एप्रिल २०२४मध्ये तुमचं 'टोल ऑफ ऑनर' आलं. ऑनर हॅरिंग्टनच्या विश्वातलं नवं पुस्तक म्हटल्यावर मी किंमत न बघता घेतलं, आणि पहिल्या काही प्रकरणांतच कपाळावर हात मारून घेतला. हॅनकॉकची लढाई, तिथून शेपूट घालणारा पावेल यंग, त्याचं कोर्ट मार्शल, त्यावरून पार्लमेंटात झालेला गदारोळ. हे सगळं तुम्ही आम्हांला १९९४ साली 'द शॉर्ट व्हिक्टोरियस वॉर' आणि 'फील्ड ऑफ डिसऑनर' या दोन पुस्तकांत सांगून मोकळे झाला होतात. आम्ही ते वाचलं, पुन्हा वाचलं, त्यावर तावातावाने भांडलो. आता तीस वर्षांनी तोच काळ ब्रँडी बोल्जिओ नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या नजरेतून पुन्हा, आणि ही म्हणे एका नव्या उपमालिकेची नुसती सुरुवात आहे. तिकडे २०२१च्या 'टु एंड इन फायर'च्या शेवटी खरा शत्रू, म्हणजे मेसा या ग्रहावरून गुप्त कट रचणारी मंडळी, डेरियस नावाच्या लपवलेल्या ठाण्याच्या आडोशाला सुखरूप बसलेला, आणि त्याच्याकडे वळायची कुणाला घाई दिसत नाही. हा निर्णय काही माझ्या गळी उतरत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

पत्र मराठीत का, असं कुणी विचारेल. भांडायचं तर आपल्या भाषेत, हे एक. दुसरं म्हणजे तुमचे मराठी वाचक बरेच आहेत, पण ते आपापल्या कोपऱ्यात वाचतात. आमच्याकडे विज्ञानकथेवर बोलणं होतं, लष्करी विज्ञानकथा म्हटलं की 'अंतराळातली मारामारी' म्हणून विषय संपतो. त्यांनाही कळू दे की या मारामारीत तीस वर्षं गुंतून राहावं असं काय आहे, आणि आता राग कशाचा आहे. (ज्यांना मालिका अजून वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं. पुढे बरंच गुपित फोडणार आहे.)

नव्या माणसासाठी थोडक्यात. ऑनर हॅरिंग्टन ही मँटिकोर नावाच्या तारकाराज्याच्या आरमारातली अधिकारी. १९९३च्या 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन'मध्ये तिच्या हाती 'फीअरलेस' नावाची एक जुनाट हलकी क्रूझर असते, २०१८च्या 'अनकॉम्प्रमायझिंग ऑनर'मध्ये ती अख्ख्या आघाडीचं आरमार घेऊन थेट आपल्या सूर्यमालेत येते. मुख्य मालिका चौदा पुस्तकांची. शिवाय जोडमालिका, पूर्वकथा, कथासंग्रह वेगळे. खांद्यावर निमित्झ हा सहा पायांचा ट्रीकॅट, जो माणसांच्या मनातलं ओळखतो. सगळा साचा सी. एस. फॉरेस्टर यांच्या कादंबऱ्यांतल्या हॉर्नब्लोअर या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याचा, आणि वेबरनी पहिलं पुस्तक फॉरेस्टरनाच अर्पण करून ते उघड मान्य केलं आहे. जाता जाता सांगतो, ज्या ब्रिटिश आरमारावरून मँटिकोरचं आरमार बेतलं त्याची काही जहाजं आमच्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधली. १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आजही हार्टलपूलला उभं आहे. तेव्हा या गोष्टीत आमचाही चार फळ्यांचा वाटा आहे असं मी समजतो.

माझा स्वतःचा वाटा निराळा. मी मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये उमेदीची वर्षं काढली, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. जहाजावर मेस रूमच्या कपाटात उतरून गेलेल्या लोकांनी सोडलेली पुस्तकं असतात. पानं निखळलेली, कव्हरवर ग्रीसचे अंगठे, शेवटचं पान गायब. तिथे 'ऑन बॅसिलिस्क स्टेशन' मिळालं. युद्धाचं आकर्षण मला कधीच नव्हतं. मला धरून ठेवलं ते कस्टम्सने.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या सगळ्या तक्रारींची मोजपट्टी तीच आहे. ऑनरला शिक्षा म्हणून एका आडबाजूच्या ठाण्यावर टाकलेलं असतं. वरिष्ठ पावेल यंग आपलं जहाज दुरुस्तीला न्यायच्या निमित्ताने तिला एकटीला सोडून निघून जातो. तिच्याकडे एक जहाज, अपुरी माणसं, आणि नियमाप्रमाणे करायचं काम म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या मालाची तपासणी. ती ते करते. बस्स. तरुण ट्रीमेन नावाचा अधिकारी आणि त्याच्याबरोबर हार्कनेस नावाचा पेटी ऑफिसर मालजहाजांवर चढतात. हार्कनेस स्वतः पूर्वी चोरटा माल हलवण्यात मुरलेला, त्यामुळे कुठलं सील बघायचं, कुठल्या पेटीचं वजन कागदाशी जुळत नाही, हे त्याला नेमकं ठाऊक. दुर्मिळ प्राण्यांची कातडी सापडते आणि गोष्टीचा पहिला धागा हाताला लागतो. ज्याने बंदरात कस्टम्सची रमेज टीम जहाजावर चढताना पाहिली आहे, पॅनेलच्या मागे आणि जहाजाच्या तळाशी बिल्जमध्ये टॉर्च मारणारे ते लोक पाहिले आहेत, त्याला हा प्रसंग लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. मोठी लढाई शेवटी येते. ती खरी वाटते ती आधीच्या या कंटाळवाण्या, चिकट, रोजच्या कामामुळे. आणि त्या लढाईत बिघडलेली फ्युजन भट्टी जहाजाबाहेर ढकलताना डॉमिनिका सँटोस ही चीफ इंजिनिअर जीव गमावते. मला ते पान वाचून वॉचवर जाणं जड गेलं होतं.

बेन बुक्सच्या मंडळींनो, तुमचंही ऋण आहे. २००२ साली 'वॉर ऑफ ऑनर'च्या पुठ्ठाबांधणीच्या आवृत्तीबरोबर तुम्ही एक सीडी दिलीत, त्यावर ऑनरची आधीची पुस्तकं आणि वर परवानगी, की प्रती काढा, वाटा, फक्त विकू नका. त्या काळात समुद्रावर इंटरनेट कुठलं? त्या एका सीडीच्या प्रती किती जहाजांवर पोचल्या याचा हिशेब कुणी ठेवला नसेल. तुमचे संस्थापक जिम बेन आणि लेखक एरिक फ्लिंट यांनी ई-पुस्तकांना कुलूप घालायचं नाही आणि काही पुस्तकं चक्क फुकट वाचायला ठेवायची, हे धोरण बाकीचे प्रकाशक चाचेगिरीच्या नावाने गळा काढत असताना राबवलं. वाचकावर इतका विश्वास टाकणाऱ्यांना वाचकाने स्पष्ट सुनावलं तर राग येऊ नये, अशी अपेक्षा आहे.

तर आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार वर आलीच आहे. तुम्ही तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगता. 'टोल ऑफ ऑनर' हे त्याचं ताजं उदाहरण, पण रोग जुना आहे. न्यू टस्कनीला सोलेरियन लीग या बलाढ्य सत्तेचा अ‍ॅडमिरल जोसेफ बिंग आपल्या मूर्खपणाने मरतो, मग त्याच लीगची सँड्रा क्रँडल मँटिकोरच्या बाजूच्या स्पिंडलवर चालून येते आणि मँटिकोरची मिशेल हेन्के तिच्या ताफ्याचं पाणी पाणी करते. छान. पण ही वार्ता कुणाला कधी कळली, त्याने भुवया कशा उंचावल्या, मग त्याने ती पुढे कुणाला सांगितली, हे आम्ही २००९च्या 'स्टॉर्म फ्रॉम द शॅडोज'पासून २०१६च्या 'शॅडो ऑफ व्हिक्टरी'पर्यंत वाचतो आहोत. मधे 'मिशन ऑफ ऑनर', 'अ रायझिंग थंडर', 'शॅडो ऑफ फ्रीडम' आहेतच. 'शॅडो ऑफ व्हिक्टरी' तर मी दोनदा खाली ठेवलं. व्लोत्सवावेक, खोतेबोर्झ, मोबियस, सेराफिम, स्वॉलो, लूमिस, इतक्या ग्रहांवर बंडाची तयारी चालू, प्रत्येक ठिकाणी नवी नावं, नवे जुलमी, नवे बंडखोर, आणि वाचकाला पहिल्या पानापासून माहीत की मेसाचे हस्तक मँटिकोरचं नाव सांगून यांना फसवताहेत. कारण ते आधीच्या पुस्तकांत उघड झालेलं आहे! कीर्तनकार आख्यानाला हात घालेल म्हणून मंडळी सरसावून बसावीत, आणि बुवांनी पुन्हा पूर्वरंगातला पहिला अभंग धरावा, तसं चाललं आहे.

जोडकथांना माझा विरोध नाही, हे लिहून ठेवतो. २००४चं 'द शॅडो ऑफ सगानामी' ही जोडकथाच होती. ऑनर त्यात नावालाच. पण तुम्ही आम्हांला टॅलबट नावाच्या नव्या मुलखात नेलंत, 'हेक्सापुमा' हे नवं जहाज दिलंत, टेरेकोव्हसारखा मनाने जखमी कप्तान दिलात, पहिल्यांदाच जहाजावर आलेली शिकाऊ पोरं दिलीत, आणि इंजिन रूममध्ये जिंजर लुइस, जिला आम्ही 'ऑनर अमंग एनिमीज'मध्ये साधी खलाशी असताना पाहिलं होतं. ती वर चढत गेली हे बघून माझ्यासारख्याला काय वाटलं असेल! शेवटी मोनिकाची लढाई, जिचा निकाल आधी कुणालाच माहीत नव्हता. जोडकथा ती. मुख्य कथेच्या बाजूने धावणारी, पण स्वतःच्या पायांनी. टिमथी झाननी तुमच्याबरोबर लिहिलेल्या पूर्वकथांबद्दलही मी असंच म्हणेन. २०१४च्या 'अ कॉल टु ड्यूटी'मधलं मँटिकोरचं आरमार गरीब आहे, अर्धं मोडीत काढायच्या गोष्टी चालल्या आहेत, आणि सुटे भाग मिळवायला मारामार आहे. ते वाचून मला घरी आल्यासारखं वाटलं.

दुसरी तक्रार बैठकांची. माहितीच्या ओझ्याबद्दल तुमचे वाचक पहिल्या पुस्तकापासून कुरकुरतात. त्यात 'फीअरलेस' आणि मालजहाजाच्या वेशातलं शत्रूचं 'सिरियस' यांचा जीवघेणा पाठलाग चालू असताना तुम्ही मधेच गोष्ट थांबवून हायपरस्पेस प्रवासाचा इतिहास, गुरुत्वलाटा आणि त्यांवर जहाज चालवणारी वॉरशॉस्की शिडं यांवर पानंच्या पानं लिहिली आहेत. लोक त्याला हसतात. मी हसत नाही. पाठलाग तासन् तास चालणारा आहे, वेगाचं गणित कळल्याशिवाय ऑनर काय पणाला लावते आहे ते कळत नाही, आणि मला तरी यंत्र कसं चालतं ते वाचायला कधीही आवडतं. ती माहिती गोष्टीचं वंगण होती.

पण नंतरच्या पुस्तकांत यंत्रांची जागा खुर्च्यांनी घेतली. एक टेबल, आठ माणसं, प्रत्येकाची पदवी, कुणाचे केस कसे, कॉफी कुणी ओतली, आणि मग एकाने दुसऱ्याला अशी गोष्ट समजावून सांगायची जी त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि वाचकाला तर तीन पुस्तकांपासून पाठ आहे. विनोदाचं एक वाक्य, मग 'पण गंभीरपणे सांगायचं तर', मग पुन्हा चार पानं. अशा बैठकीनंतर लढाई येते ती पंधरा मिनिटांत आटोपते, कारण मँटिकोरकडे आता इतकी दूरची आणि इतकी अचूक क्षेपणास्त्रं आहेत की समोरच्याला मरण्याखेरीज काम उरलेलं नाही. 'फीअरलेस'वरची नेहमीची शस्त्रं काढून तिथे ग्रॅव्ह लान्स नावाचं एक बिनकामाचं हत्यार बसवलं होतं, आणि ते चालवायला शत्रूच्या अगदी अंगाला भिडावं लागत होतं. त्या एका जोडणीने जी छाती धडधडली, ती पुढच्या हजारो क्षेपणास्त्रांनी धडधडली नाही. संख्या वाढवून ताण वाढत नाही, हे तुमच्या संपादकांपैकी एकालाही सांगावंसं वाटलं नाही का? जाड पुस्तक विकलं जातं हे मान्य. पण तांत्रिक तपशिलांसाठी तुम्हीच २०१३ साली 'हाउस ऑफ स्टील' हा स्वतंत्र ग्रंथ काढलात. जहाजांची वजनं आणि वंशावळी तिथे शोभतात. मी तो ग्रंथही वाचला आहे, आवडीने.

तिसरी तक्रार शत्रूंबद्दल, आणि हिचं मला खरं दुःख आहे. मँटिकोरचं पहिलं मोठं युद्ध ज्या हेवनशी झालं, तो काय शत्रू होता! फ्रेंच राज्यक्रांतीवरून बेतलेला, रॉब एस. पिअर असं नाव तुम्ही बिनदिक्कत ठेवलंत आणि आम्ही तेही हसून सोडून दिलं. कारण त्या राजवटीखाली काम करणारी माणसं खरी होती. टॉमस थाइझमन दुसऱ्या पुस्तकात ऑनरशी लढतो, आणि मग कितीतरी पुस्तकं आपण त्याची घुसमट बघतो. देशावर प्रेम, सरकारची किळस, पाठीमागे पाळतीला बसलेला कमिशनर. 'अ‍ॅशेस ऑफ व्हिक्टरी'च्या शेवटी तो हेवनचा हुकूमशहा सेंट-जस्ट याला गोळी घालतो तेव्हा आपण शत्रूच्या बाजूने सुटकेचा श्वास सोडतो. त्याच पुस्तकात शॅनन फोराकर. यंत्रांत बुडालेली, राजकारणाचं भान नसलेली, आणि मग एक दिवस भान आल्यावर एका आज्ञेसरशी स्टेट सिक्युरिटीची, म्हणजे राजवटीच्या त्या पाळतखोर पोलिसांची, जहाजं उडवून देणारी. तिच्या तोंडचा त्या वेळचा एकाक्षरी उद्गार तुमच्या वाचकांमध्ये अजून म्हणीसारखा वापरला जातो.

आणि हेवननंतर काय आलं? सोलेरियन लीग. हजारो ग्रहांची सत्ता, माणसाच्या इतिहासातली सर्वांत मोठी. तिचे अ‍ॅडमिरल म्हणजे बिंग, क्रँडल, फिलारेटा. पहिले दोघे इतके गर्विष्ठ आणि बिनडोक की त्यांच्या हाताखाली मरणाऱ्या लाखो खलाशांचंही वाईट वाटायला तुम्ही उसंत देत नाही. फिलारेटाला थोडी अक्कल दिलीत, चारशेहून जास्त सुपरड्रेडनॉट, म्हणजे अजस्र युद्धनौका, घेऊन आलेला तो माणूस शरण जायच्या विचारात असतो, आणि तेवढ्यात मेसाच्या नॅनो-तंत्राने ताबा घेतलेला त्याचाच अधिकारी मारा सुरू करतो. संपलं. वाचकाला वाटलं होतं की इथे एक माणूस आपल्या अहंकाराशी झगडून योग्य निर्णय घेईल आणि त्याची किंमत मोजेल. त्याऐवजी कळ दाबली गेली. हेच नॅनो-तंत्र 'अ‍ॅट ऑल कॉस्ट्स'मध्ये टिमथी मिअर्सच्या बाबतीत वापरलंत तेव्हा अंगावर काटा आला होता. ऑनरला आपल्याच लाडक्या सहायकाला स्वतःच्या हाताने मारावं लागतं. ती युक्ती एकदाच शोभते.

चौथी तक्रार थोडक्यात. माणसं आता मरत नाहीत. ऑनरचा प्रियकर पॉल टँकर्सली मेला, तिचा अंगरक्षक एडी हॉवर्ड मेला, शत्रूच्या 'टेपेस' जहाजावरच्या कैदेतून सुटताना जेमी कँडलेस आणि रॉबर्ट व्हिटमन हे अंगरक्षक मागे राहिले. ऑनरने डोळा गमावला, हात गमावला. 'मिशन ऑफ ऑनर'मध्ये अंगरक्षक अँड्र्यू लाफोले तिच्या बाळाला वाचवताना गेला, ते तर अजून विसरता येत नाही. पण झिल्विकी आणि काशा हे दोघे हेर मेले म्हणून अख्ख्या पुस्तकभर सुतक पाळायला लावलंत आणि ते परत आले. ऑनरचा नवरा हेमिश अलेक्झांडर याचंही तेच, बिओवुल्फवरच्या हल्ल्यात तो गेला म्हणून ऑनर सूड घ्यायला निघते, आणि मग तो जिवंत. मला हेमिशबद्दल राग नाही, पण पुढच्या वेळी कुणी गेलं तर मी रडायच्या आधी शेवटचं प्रकरण उघडून बघणार, हे नुकसान तुमचंच आहे.

इथेच मूळ मुद्द्यावर येतो. साहेब, तुम्ही स्वतः अनेकदा सांगितलं आहे की 'अ‍ॅट ऑल कॉस्ट्स'मध्ये मँटिकोरच्या लढाईत ऑनरला वीरमरण द्यायचं ठरलं होतं. नेल्सन ट्रॅफल्गरला गेला तशी ती जाणार होती. मग वीस-पंचवीस वर्षांची उडी, आणि मेसाच्या कटाशी झुंज तिची मुलं देणार होती. पण एरिक फ्लिंटबरोबर लिहिताना मेसाचं प्रकरण वेळेआधी उघडावं लागलं, उडी रद्द झाली, ऑनर वाचली. ऑनर वाचली याचा आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पण तेव्हापासून मालिकेला जो फुगवटा आला तो या रद्द झालेल्या उडीचा आहे असं माझं ठाम मत आहे. दोन दशकांत हळूहळू पिकायचं ते सगळं तुम्ही कथेतल्या दोन-तीन वर्षांत कोंबलंत. त्यामुळे एकाच महिन्यातल्या घटना चार पुस्तकांत चार बाजूंनी सांगाव्या लागल्या, कोण कुठे असताना काय घडलं याचे हिशेब जुळवावे लागले, आणि ते हिशेब आम्हांला गोष्ट म्हणून वाचायला मिळाले.

आता तर उडी घ्यायला कसलीच आडकाठी नाही. लीगशी युद्ध संपलं आहे. 'टु एंड इन फायर'मध्ये कटवाल्यांचं गॅल्टन हे ठाणं उद्ध्वस्त झालं, जगाला वाटतं मेसाचा कट मोडला, आणि डेरियसमध्ये बसलेले खरे सूत्रधार बोटं मोडत वाट बघू शकतात. इतकी आयती जागा तुम्हीच तयार करून ठेवली आहे. वीस वर्षं शांतता गेली असं समजा. आरमाराचा खर्च कापला गेला, जुनी जहाजं ड्राय डॉकमध्ये गंजताहेत, दोस्तराष्ट्रांत कुरबुरी सुरू झाल्या, मेसाची भीती घालणाऱ्या म्हाताऱ्यांना तरुण मंत्री हसताहेत. राऊल आणि कॅथरीन मोठे झाले, आईच्या नावाचं ओझं घेऊन आरमारात आले किंवा मुद्दाम आले नाहीत. आणि ऑनर? तुमच्या विश्वात प्रोलाँग आहे, माणसं शतकानुशतकं जगतात. ती असेलच की. तिला मारायची गरज नाही. फक्त तिला प्रत्येक खोलीतली सर्वांत हुशार, सर्वांत शूर आणि सर्वांत नम्र व्यक्ती असण्याच्या ड्यूटीवरून थोडी रजा द्या.

याउलट काहींचं म्हणणं असं, की जुन्या लढाया नव्या डोळ्यांनी बघायला आम्हांला आवडतं, लेखकाच्या मनाला येईल ते त्याने लिहावं. माझा एक जुना सहकारी, डेकवरचा माणूस, हेच म्हणतो. तो दर पावसाळ्यात पहिली दहा पुस्तकं वाचतो आणि त्याला पुढचं काही नकोच आहे. त्याचं सुख त्याला लखलाभ. पण ज्याला जुनं हवं त्याच्याकडे जुनी पुस्तकं आहेत, तुम्ही फुकटसुद्धा दिलीत. नवीन पुस्तकाचे पैसे आम्ही नव्यासाठी देतो. आमच्या साप्ताहिकांत क्रमशः कादंबऱ्या यायच्या तेव्हा वर छापलेलं असायचं, 'मागील अंकावरून पुढे चालू'. त्यातलं 'पुढे' हे वाचकाला दिलेलं वचन असतं.

तेव्हा मागण्या स्पष्ट लिहितो.

'टु एंड इन फायर'च्या पुढची कथा आधी लिहा, जुन्या काळात फिरणारी उपमालिका नंतर. डेरियसचं काय होतं ते सांगून मग खुशाल हॅनकॉकला परत जा.

एखादं पुस्तक आधी सांगून झालेल्या घटना पुन्हा सांगणार असेल, तर ते मागच्या कव्हरवर ठळक लिहा, कुठल्या पुस्तकांतल्या घटना आणि कोणत्या काळातल्या हेही. विकत घेणाऱ्याला एवढं कळायलाच हवं. त्याचबरोबर प्रत्येक पुस्तकात सुरुवातीला कालक्रमाचं एक पान द्या. मुख्य मालिका, टॅलबटची, मुक्त झालेल्या गुलामांच्या टॉर्च ग्रहाची, पूर्वकथा, यांतलं काय कशानंतर वाचायचं हे नव्या वाचकाला दुसऱ्या वाचकाला विचारावं लागू नये.

संपादकांनो, लाल पेन्सिल बाहेर काढा. लेखक कितीही मोठा असो. ज्या बैठकीत कुणाचं मन बदलत नाही, काही नवं उघड होत नाही, ती कापा. यंत्रांना हात लावू नका.

एरिक फ्लिंट २०२२च्या जुलैमध्ये गेले. टॉर्च, झिल्विकी, काशा हा धागा त्यांचा होता, त्यातला मिश्कीलपणा आणि गुलामगिरीविषयीची ती धगधगती चीड हे त्यांचं देणं होतं. तो धागा पुढे चालणार की नाही, चालला तर कोण लिहिणार, हे वाचकांना सरळ सांगा. थांबवणार असाल तर तेही सांगा. आम्ही समजून घेऊ.

आणि एक थाइझमन द्या. मेसाच्या बाजूला एक तरी माणूस असा द्या की ज्याच्या बाजूने विचार करताना आमची झोप उडेल. जॅक मॅकब्राइड तसा होता, आपल्याच लोकांचं पाप डोळ्यांसमोर बघून आतून तुटलेला, आणि त्याला तुम्ही लवकर संपवलंत.

पुढच्या पुस्तकाची घोषणा झाली की मी सगळ्यांत आधी त्यातलं साल बघणार आहे. तुमच्या विश्वातल्या कालगणनेप्रमाणे ते पोस्ट डायस्पोरा १९३०च्या पुढचं असेल तर पहिल्या दिवशी घेईन, आणि दोघातिघांच्या गळ्यात मारेन. मागचं असेल तर पैसे खिशात राहतील, आणि असं ठरवणारा मी एकटा नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर
मुंबई